संस्कृतीचं वकीलपत्र कुणाकडे?

कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९चा अर्ज हाती आला की त्यातली भाषा मला वाचण्याआधीच पाठ असते. ‘अर्जदार सामनेवालीस नांदविण्यास आजही तयार आहे.’ बायको माहेरी गेली, पोटगी मागणार अशी कुणकुण लागली, की पुष्कळदा नवऱ्याकडून आधी हा अर्ज पडतो. मग साक्षीत एक वाक्य हमखास येतं: आपल्या संस्कृतीत बाई नवऱ्याच्या घरीच शोभते. आपल्या म्हणजे कुणाच्या, असं विचारलं की समोरचे वकील हरकत घेतात.

हरकत घेण्याजोगा प्रश्न आहेच तो. १८८४ साली मुंबई हायकोर्टात दादाजी भिकाजी यांनी दावा लावला, तेव्हापासून तो लोंबकळतो आहे. मागणी एवढीच, की रखमाबाईनं आपल्याकडे नांदायला यावं. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, पण ती कधी सासरी गेलीच नव्हती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन वैद्यकातले आणि वनस्पतिशास्त्रातले नावाजलेले गृहस्थ. त्यांच्या घरी ती वाढली, वाचायला शिकली आणि विशीत येऊन म्हणाली, हा नवरा मला मान्य नाही.

सावत्र वडील होते, यातच एक गोष्ट दडलेली आहे. तिची आई जयंतीबाई तरुणपणीच विधवा झाली आणि तिनं डॉक्टरांशी दुसरं लग्न केलं. त्यांच्या सुतार समाजात त्याला आडकाठी नव्हती. त्याच काळात ब्राह्मणांमध्ये विधवेचा पुनर्विवाह लावणाऱ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, बसत होतं. एकाच शहरातले हे दोन रिवाज. तरीही पुण्याच्या वर्तमानपत्रांतून ‘हिंदू धर्म’ एकवचनी बोलत होता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. तात्पर्य असं: नांदायला लावण्याचा असला दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडातून इथे आला आहे. आणि तिथेही तो एकदा एकत्र राहून विभक्त झालेल्या जोडप्यांसाठी. कधी एकत्र न राहिलेल्या मुलीला जबरदस्तीनं पाठवण्यासाठी नाही. या दाव्याचं मूळ इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांत. म्हणजे इंग्रज न्यायाधीश सांगत होता की आमचं ओझं तुम्ही उचलू नका, आणि स्वधर्माचे कैवारी ओरडत होते की ते आमचंच आहे! टिळकांचा ‘मराठा’ या निकालावर तुटून पडला. गंमत अशी, की नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच रद्द केली होती. भारतात ती तशीच राहिली.

अपिलात सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवला. दावा परत खाली आला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. तिनं कैद पत्करायची तयारी दाखवली.

टिळकांचा मूळ मुद्दा मला निखालस खोटा वाटत नाही. परक्या सरकारनं आमच्या घरात कायद्याचा हात घालू नये, हे म्हणण्यात वजन आहे. हिंदू स्त्रीच्या हालांवर अग्रलेख लिहिणाऱ्या साहेबांच्या देशात विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क १८८२ मध्ये मिळाला. तेव्हा त्यांच्या नैतिक ऐटीला फार मान द्यायचं कारण नाही. पण ‘बाहेरच्यांनी न्याय करू नये’ हा युक्तिवाद रखमाबाईला लागू कसा होणार? १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ म्हणून जी पत्रं छापून आली, ती तिनंच लिहिलेली होती. बालविवाहानं शिक्षण कसं खुंटतं, हे ती आतून सांगत होती. तिला बाहेरची ठरवल्याशिवाय तिचं म्हणणं डावलता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी शिक्षणानं ती बिघडली असं ठरलं. ही युक्ती अजून चालते. माझ्या अशीलांपैकी कितीजणींना ‘पुण्यामुंबईचं वारं’ लागलेलं असतं, काय सांगू.

व्हिक्टोरिया राणीनं हे लग्न मोडून दिलं, अशी एक कथा फिरते. प्रत्यक्षात प्रकरण मिटलं ते जुलै १८८८ मध्ये, दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन केलेल्या तडजोडीनं. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी दीर्घकाळ बायकांचे दवाखाने चालवले. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. ज्या नवऱ्याला कोर्टात नाकारलं, त्याच्यासाठी! पुरोगामी मैत्रिणी हे ऐकून हिरमुसतात. मला वाटतं, काय नाकारायचं आणि काय पाळायचं, हे त्या स्वतः ठरवत होत्या.

रखमाबाईंचं निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झालं. त्याच्या चारच महिने आधी, स्वतंत्र भारताच्या हिंदू विवाह कायद्यात नांदायला लावण्याचा हा उपाय कलम ९ म्हणून दाखल झाला होता. इंग्लंडनं आपल्याकडचा उपाय १९७० मध्ये पुरता मोडीत काढला. आपल्याकडे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते वैध मानलं. हा हक्क केवळ कायद्यानं दिलेला नाही, विवाहसंस्थेतच तो अंगभूत आहे, असं म्हटलं. त्या निकालाचा दाखला समोरचे वकील मला आजही वाचून दाखवतात. पिन्हींचा निकाल मीही दाखवते, पण तो तर अपिलातच उलटलेला.