जालना रस्ता (छत्रपती संभाजीनगर)

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून पूर्वेकडे मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी, चिकलठाणा असा निघून शेंद्रा, करमाड, बदनापूरमार्गे जालन्यास जाणारा रस्ता. लांबी सुमारे 60 किमी.

मलिक अंबरने 1610 मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवले. दोनच वर्षांनी, 1612 मध्ये, मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. औरंगजेबाने 1682 मध्ये शहराला तट घातला. त्याचे मुख्य दरवाजे वाट जिकडे जाई त्या गावाच्या नावाने ओळखले गेले : दिल्ली, पैठण, जालना, आणि मक्केच्या दिशेचा मकाई. पूर्वेचा मान जालन्याला होता. आजचा जालना रस्ता मात्र तटाबाहेरून, जुन्या शहराच्या दक्षिण अंगाने जातो. वाट बदलली, नाव टिकले.

मुकुंदवाडी हे या रस्त्यावरचे मूळचे खेडे. निजामाच्या काळात, 1900 मध्ये मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग गावाजवळून गेला. 1970 च्या दशकापासून सिडकोची वसाहत शेजारी वाढली आणि पलीकडे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत व विमानतळ. अशा कोंडीत गाव शहरात विरघळले. जून 2025 मध्ये महापालिकेने रुंदीकरणासाठी मुकुंदवाडीत रस्त्यालगतची बांधकामे पाडली. ज्यांची दुकाने गेली त्यांच्यासाठी रस्ता हा वारसा नव्हता, रोजी होती.

जतनाचा प्रश्न येतो तो येथेच. कायदा वास्तूला ओळखतो. 1958 चा केंद्रीय पुरातत्त्व कायदा 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई करतो. साध्या चालत्या रस्त्याला त्यात जागा मिळणे कठीण. उत्तरेतील मोगल राजमार्गांचेही कोसमिनार तेवढे संरक्षित आहेत, मधली वाट नाही. या शहरातही वारसाफेऱ्यांचा रोख दरवाजांवर असतो. मकाई दरवाजाला लागून खाम नदीवरचा जुना पूल आहे. तिथे उभे राहिले, की रस्ता, पूल आणि कमान हे एकच काम होते हे लगेच कळते. कमान एकटी जपणे हा अर्धवट उद्योग होय.

अमेरिकेत रस्त्यांनाच वाहिलेल्या संस्था आहेत. लिंकन हायवे असोसिएशन 1913 मध्ये स्थापन झाली, पुढे थंडावली आणि 1992 मध्ये पुन्हा उभी राहिली. तिचे अधिवेशन दरवर्षी भरते. ‘रूट 66’ 1985 मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला, आणि त्याचे चाहते संघटित झाले ते प्रामुख्याने त्यानंतर. रहदारी दुसरीकडे वळली, की रस्त्यावर प्रेम करायला सवड मिळते, असे दिसते. मराठवाड्यात वार्षिक मेळा भरवणारी वाट पैठणची : फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीस, दिंड्या तिकडे चालत जातात. 

जालना रस्त्याला अशी सवड अजून नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाल्यावर लांब पल्ल्याच्या काही वाहनांना दुसरी वाट मिळाली. शेंद्र्याचे कामगार, विमानतळाचे प्रवासी आणि सिडकोकडे जाणाऱ्या रिक्षा मात्र मुकुंदवाडीवरूनच जातात.