गोळी : हरणाची आणि माणसाची

वर्धा जिल्ह्यात गोळीचा विषय काढला की लोकांची मान आपोआप सेवाग्रामकडे वळते. ते साहजिकच आहे. परंतु ह्याच जिल्ह्यात पुलगावही आहे, आणि तेथे लष्कराच्या दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी त्या भांडाराला आग लागली, तेव्हा जवानांबरोबर तेथील अग्निशामक दलाची माणसेही प्राणास मुकली. तेव्हा गोळीचा विचार करण्याचा अधिकार वर्धेकरांना दोन्ही बाजूंनी पोचतो असे आम्ही समजतो.

आम्ही स्वतः शिकारी नव्हे. आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेथे साहेब लोकांची शिकारीची पुस्तके चाळताना एका वादाने आमचे लक्ष वेधले. हरणाला कोणती गोळी घालावी, मोठी की लहान, मऊ की कठीण, ह्यावर ह्या मंडळींनी शंभर वर्षे शाई खर्चिली आहे. वाद हौशी माणसांचा खरा. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न हौसेचा नाही. जीव घ्यावयाचाच असे ठरले, तर तो किती वेदना देऊन घ्यावयाचा, आणि चुकले तर त्याची किंमत कोणी मोजावयाची, असा तो प्रश्न आहे.

वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला तो १८६२ साली. त्या सुमारास मध्य प्रांताच्या जंगलखात्यात जेम्स फॉर्सिथ नावाचा कप्तान होता. सातपुड्यातील रानांवरचे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८७१ साली, प्रसिद्ध होऊन गाजले. शिकारीची रायफल आणि तिची गोळी ह्या एकाच विषयावर त्याने त्याआधी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. दाट रानात जनावर जवळून दिसते, क्षणभरच दिसते. म्हणून मोठ्या नळीची वाटोळी, जड गोळी बरी, असा त्याचा कैवार होता. त्या काळी नळीचे माप शिशाच्या वजनावरून ठरे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातील एक जीत बसेल ती बारा बोअर. आपल्या मापात ती एक गोळी सव्वातीन तोळ्यांची झाली. एवढे शिसे सांबराच्या छातीत शिरले म्हणजे सांबर फार दूर जात नसे.

पुढे रसायनशास्त्राने सगळा डाव उलटविला. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय ह्या रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू सिद्ध केली. तिचा जोर काळ्या दारूहून कितीतरी अधिक. त्या जोराने नुसते शिसे नळीतच घासून खराब होऊ लागले, म्हणून त्यावर कठीण धातूचे आवरण चढवावे लागले. १८८८ साली इंग्रजी फौजेने .३०३ ची रायफल घेतली. तिची नळी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. ह्या रायफलीच्या पुढील काळातील, १९१० नंतरच्या, गोळीचे वजन १७४ ग्रेन. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा तोळ्याला काही गुंजा कमीच. सव्वातीन तोळ्यांवरून एका तोळ्यावर गोळी आली, आणि वेग मात्र सेकंदाला २,४४० फुटांवर गेला.

आता वेगाची गंमत अशी की, वजन दुप्पट केले तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. म्हणून लहान गोळी दुबळी असे मुळीच नाही. वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले जिम कॉर्बेट .२७५ ची हलकी रायफल वापरीत. गोम जोरात नव्हती, तो जोर कोठे खर्च होतो ह्यात होती. संपूर्ण आवरणाची कठीण गोळी चितळाच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते आणि उरलेला जोर पलीकडच्या पळसाच्या झाडावर खर्च करते. चितळ उडी मारून पळते. फुप्फुसाला बारीक भोक पडलेले असते, रक्ताचा मागही धड पडत नाही, आणि ते कोठेतरी झुडपात संध्याकाळपर्यंत तडफडत राहते. उलट गोळीचे नाक मऊ ठेवले, म्हणजे टोकाशी शिसे उघडे ठेवले, तर ती अंगात शिरताच अळंबीसारखी फुलते, आपला सगळा जोर आतच टाकते, आणि नेम बरोबर असेल तर जनावर काही पावलांतच पडते. पण इथेही अतिरेक नको. फार हलकी व फार वेगाची गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून जाते. वरवर भयंकर जखम होते, वर्म मात्र शाबूत राहते. वजन, वेग आणि बांधणी ह्या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, हे शिकाऱ्यांना जखमी जनावरांच्या मागे हिंडून हिंडून समजले.

हिंडून समजले असे आम्ही म्हणालो, पण हिंडत कोण होते? मचाणावर साहेब किंवा मालगुजार असे. हाक्याला गावची माणसे, गोंड, कोलाम, भूमिहीन मजूर. कधी चार आणे हातावर पडत, कधी ती वेठच असे. जनावर जखमी होऊन झुडपात शिरले की साहेबांच्या पुढे माग काढीत चालणारा माणूस अनवाणी असे आणि त्याच्या हातात काठी असे. चितळाच्या बाबतीत हा केवळ पायपिटीचा प्रश्न. जखमी रानडुकराच्या बाबतीत तो पोट फाटण्याचा. गोळीच्या निवडीवर ग्रंथ लिहिणाऱ्यांत ह्या पुढे चालणाऱ्यांपैकी एकाचेही नाव ग्रंथकार म्हणून नाही.

मऊ नाकाच्या गोळीचा जन्मही मोठा चमत्कारिक आहे. लष्करासाठी ती कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तयार झाली, ती हरणासाठी नव्हे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत नवी कठीण गोळी लागूनही सरहद्दीवरचा पठाण धावत येतोच, अशी तक्रार झाली; म्हणून डमडमला गोळीचे नाक उघडे करण्यात आले, आणि १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ती वापरली गेली. १८९९ साली हेगच्या शांतता परिषदेत अंगात फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा ठराव झाला. इंग्लंडच्या लष्करी प्रतिनिधीने तेथे विरोध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, सुधारलेला शिपाई जखम झाली की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. म्हणजे युरोपियनाला एक गोळी आणि काळ्या माणसाला दुसरी! इंग्लंडने त्या ठरावाला मान्यता दिली ती १९०७ साली.

ह्याच इंग्लंडने पुढे १९६३ साली हरणांसाठी कायदा केला, आणि त्यात बरोबर उलटे लिहिले. हरणावर मऊ किंवा पोकळ नाकाचीच गोळी झाडली पाहिजे, नळी.२४० इंचाहून लहान नको. आणि नळीच्या तोंडाशी जोर १,७०० फूट-पौंडांहून कमी नको. .३०३ च्या गोळीचा जोर सुमारे २,३०० भरतो, म्हणजे ती ह्यात सहज बसते. .२२ ची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, पाव तोळाही नाही. तिचा जोर शंभराच्या थोडा वर. ती ह्या मापाच्या जवळपासही येत नाही. आमच्या रानातल्या भेकराचे एक चिनी भाऊबंद इंग्लंडात वाढले आहे. तेवढ्या लहान जातींसाठी मात्र २००७ साली माप.२२० पर्यंत खाली आणण्यात आले. माणसाच्या बाबतीत जी क्रूरता, तीच हरणाच्या बाबतीत दया, हा विरोध वरवरचा आहे. शिपायाला लढाईतून बाहेर काढणे पुरे असते, त्याच्यामागे डॉक्टर असतो; हरणामागे कोणी नसतो.

आमच्याकडे काय झाले? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक परवान्यावर गेली, आणि परवाना कचेरीत ज्याचे वजन त्याला. गांधीजींचा ह्या कायद्यावरचा राग प्रसिद्धच आहे. १९३० साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या त्यांच्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने ही एक मागणी होती. हिंसेविषयी त्यांचा विचार लोक समजतात तितका सरधोपट नव्हता. साबरमतीला १९२८ साली असाध्य यातना भोगणाऱ्या वासराला त्यांनी सुई देऊन मरण देवविले, तेव्हा केवढे वादळ उठले! मरण कसे येते हाही अहिंसेचाच प्रश्न आहे, हे त्या वासराने लोकांपुढे मांडले.

फौजेची काडतुसे खाजगी हातांत जाऊ नयेत म्हणून हिंदुस्थानात .३०३ वर निर्बंध आले, आणि शिकाऱ्यांसाठी .३१५ चे निराळे माप रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर ती रायफल आपल्या सरकारी कारखान्यात होऊ लागली. तिच्या काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असत. ती खडकीच्या, १८६९ साली निघालेल्या कारखान्याची. आमच्यासारख्यांना त्या अक्षरांत शिकार दिसत नाही, पाळीवरचे कामगार दिसतात.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा परवान्याने शिकार अजून शिल्लक होती, आणि त्या कायद्यात एक शहाणे कलम होते: सांबर, चितळ, भेकर, रोही अशी मोठी शिकार रायफलीनेच करावी, छर्ऱ्याच्या बंदुकीने करावयाची तर खास परवानगी घेऊन, आणि एकसंध गोळी घालून. म्हणजे छर्ऱ्यांनी जनावर चाळून सोडू नये. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली, आणि तिच्याबरोबर ते कलमही गेले. शिकार बंद झाली ह्याचे आम्हांला दुःख नाही. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या आमच्या बोरच्या रानात आज चितळ निवांत चरते, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण रोही बोरच्या सीमेवर थांबत नाही. सेलू, आष्टी, कारंजा भागातील शेतकऱ्याला तूर आणि हरभरा रात्र रात्र जागून राखावा लागतो. २०१५ साली राज्य सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांना परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. पण मारावे कशाने? १९५९ चा हत्यारांचा कायदा पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीची बंदूक देतो. ती पुरत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी. .२२ ची रायफल तो रायफल क्लबाच्या सभासदाला देतो, तीही निशाणबाजीपुरती. जे हत्यार १९७२ च्या कायद्याला रोह्यासाठी अपुरे वाटले, तेच शेतकऱ्याच्या हक्काचे हत्यार ठरले. दोन क्विंटलांच्या जनावरावर अंधारात ठासणीचे छर्रे उडतात. ते हरभरा सोडून जाते, आणि चार दिवसांनी नाल्यात त्याचा वास येऊ लागतो. ते ओढून काढण्याचे काम त्याच शेतकऱ्याकडे येते, नाहीतर त्याच्या सालदाराकडे.