सुखतळा

बाबांच्या उजव्या अंगठ्याचं नख सरळ वाढलेलं मी कधी पाहिलं नाही. जाड, पिवळट, एका बाजूला मुडपलेलं. लहानपणी मला वाटायचं, कारखान्यात जाणाऱ्या सगळ्यांची नखं अशीच होत असणार. बाबा ओतशाळेत होते. तिथे पोलादी टोपीचे सेफ्टी शूज सक्तीचे, वर्षाला एक जोड मिळायचा. एका वर्षी स्टोअरमध्ये नऊ नंबर संपले होते. तिथल्या माणसाने आठ नंबरचा जोड टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "घाला, बसेल हळूहळू." बाबांनी सही करून तो घेतला. वर्षभर तो बूट चावत राहिला. बाबांनी आतला सुखतळा उपटून काढला, जाड मोजे घालणं सोडलं, रात्री कोमट पाण्यात पाय घालून बसले. "चावून चावून दमेल," असं आईला सांगायचे. बूट काही दमला नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत मी हौसेने जाड कातडी वर्क बूट घेतले. माझं काम खुर्चीत बसून करायचं, त्यामुळे गरज शून्य. पण असे बूट घेणारे आधी महिना-दोन महिने वाचत बसतात, तसा मीही बसलो. कातडं कुठलं, तळ कसा शिवलेला, माप कसं घ्यायचं. त्या वाचनात मला अमेरिकन सैन्याचा १९१२ सालचा एक हुकूम सापडला, आणि बुटांपेक्षा तोच जास्त दिवस डोक्यात राहिला.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. डाव्या पायाचा बूट वेगळा आणि उजव्याचा वेगळा, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. पण युरोपात सतराव्या शतकापासून जवळपास दोनशे वर्षं बहुतेक पादत्राणं दोन्ही पायांना सारखीच असत. ज्या लाकडी ठोकळ्यावर कातडं ताणून बूट घडवतात, त्याला आपल्याकडे कालबूत किंवा फर्मा म्हणतात. टाचेचे बूट रूढ झाल्यावर डाव्या-उजव्याचे वेगळे फर्मे कोरणं खर्चाचं होऊन बसलं, म्हणून एकच सरळसोट फर्मा. पुढचं काम पायाने करायचं. १८१९ मध्ये टॉमस ब्लँचर्डने बंदुकीच्या दस्त्यासारखे वेडेवाकडे आकार कातणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या पद्धतीने पुढे फर्मेही कातले जाऊ लागले आणि डावं-उजवं स्वस्त झालं. १८५८ मध्ये लायमन ब्लेकने तळ शिवायचं यंत्र आणलं. १८७० च्या आसपास वेल्ट शिवणारी यंत्रं आली. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी कातड्याची पट्टी. वरचं कातडं आणि आतला तळ त्या पट्टीला शिवायचा, आणि बाहेरचा तळ पुन्हा त्याच पट्टीला. तळ झिजला की तेवढाच उसवून नवा लावता येतो. या पद्धतीला गुडइयर हे नाव आहे, ते रबरवाल्या गुडइयरच्या मुलामुळे.

म्हणजे विसावं शतक उजाडलं तेव्हा बूट शिवणं चांगलंच सुधारलं होतं. पायाकडे मात्र कोणी फारसं पाहिलं नव्हतं. सैनिक लंगडायला लागला की दोष त्याच्या पायाचा, नाहीतर त्याच्या चिकाटीचा.

एडवर्ड मन्सन हा अमेरिकन सैन्यातला डॉक्टर. त्याच्या अध्यक्षतेखाली सैन्याने बुटांसाठी एक मंडळ नेमलं. मंडळाने चार वर्षांत सुमारे २००० सैनिकांचे पाय तपासले. निष्कर्ष असा की पाय बिघडलेले नाहीत, फर्मा बिघडलेला आहे. निमुळत्या टोकाचा फर्मा अंगठ्याला आत ढकलतो. मन्सनने नवा फर्मा आखला. त्याची आतली कड सरळ ठेवली, म्हणजे अंगठा सरळ राहील. बोटांना पसरायला जागा दिली, टाच बुटकी केली. १९१२ मध्ये सैन्याने तो स्वीकारला. त्याच वर्षी सैनिकाचा पाय आणि लष्करी बूट या विषयावर मन्सनचं पुस्तकही आलं.

मी म्हणतो तो हुकूम याच बुटांबरोबर निघाला. सैनिकाने अनवाणी उभं राहायचं, पाठीवर ४० पौंडांचं, म्हणजे साधारण १८ किलोंचं ओझं घ्यायचं, सगळा भार एका पायावर टाकायचा आणि मग माप घ्यायचं. कारण बसलेल्या माणसाचा पाय आणि ओझं वाहणाऱ्या माणसाचा पाय एक नसतो. ओझ्याखाली तो लांबतो, पसरतो. माप ठरलं की नवे बूट घालून अडीच इंच पाण्यात पाच मिनिटं उभं राहायचं. कातडं मऊ झालं की सपाट जमिनीवर तासभर चालायचं आणि बूट पायातच वाळू द्यायचे. आधी जे कातडं फर्म्यावर बसवलं होतं, ते आता पायावर बसवायचं. शेवटी गुरांच्या नळ्यांपासून काढलेल्या तेलाचा हलका हात.

हे सगळं वाचायला गमतीचं आहे. पण मला अडवलं ते दुसऱ्याच कलमाने. पाय मोजायचं आणि बूट बसतो का हे पाहायचं काम कंपनीच्या कमांडरने जातीने करायचं होतं. कारकुनाने किंवा कोठारवाल्याने नव्हे. ज्याच्या हुकमावर सैनिक चालणार, त्यानेच आधी त्याचे पाय पाहायचे.

पाय मोजायचा म्हणजे वाकावं लागतं. आपल्याकडे हे वाकणं कोणाच्या वाट्याला आलं ते वेगळं सांगायला नको. बलुतेदारीत गावाच्या वहाणा चर्मकाराने करायच्या आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. अख्ख्या गावाच्या पायांचा अंदाज त्याच्या हातात होता. भोवरी कोणाची, कोणाचा पंजा रुंद, हे त्याला न विचारता ठाऊक असे. पण त्याच्या हाताचा मात्र विटाळ. अनेक गावांत तर वरच्या आळीतून जाताना दलितांना आपल्या पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. पाय ओळखण्याची विद्या आपल्याकडे होती. फक्त ती खाली ढकललेली होती, आणि नंतर नंबरांचे खोके आले तेव्हा ती सोडून द्यायला आपल्याला काहीच जड गेलं नाही. स्टोअरच्या टेबलावर बूट ठेवणाऱ्या माणसाने बाबांच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तो दुष्ट नव्हता. पाय पाहणं हे आपलं काम आहे असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकन हुकुमाचंही फार कौतुक करण्यात अर्थ नाही. १९१२ मध्ये त्यांचं खडं सैन्य लाखाच्या आत होतं. सहा वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ते ४० लाखांच्या घरात गेलं. फ्रान्समधल्या चिखलात ते १९१२ चे बूट टिकले नाहीत. १९१७ आणि १९१८ मध्ये आणखी जाड, खिळे मारलेले बूट काढावे लागले. फर्मा मात्र टिकला. युद्धानंतर त्या आकाराचे बूट कामगारांच्या पायांत गेले आणि आज शंभर वर्षांनी माझ्यासारखे खुर्चीतले लोक ते हौसेने मागवतात.

माझे बूट बसायला सहा आठवडे लागले. पाण्यात उभा राहिलो नाही. लोकरी मोजे घालून घरातल्या घरात रोज तासभर, मग दोन तास, मग बाहेर. पहिल्या आठवड्यात टाच वरखाली सरकते, ती तळ वाकायला लागला की थांबते. पायाच्या चवड्यावर कातड्याला घड्या पडतात. आतला कातडी तळ आणि त्याखालचं बुचाचं भरण दबतं आणि तिथे आपल्या पायाचा ठसा उमटतो. रुंदीलाही कातडं थोडं सैल होतं.

पण लांबीला ते वाढत नाही. हे मला त्या सहा आठवड्यांत नीट कळलं. बूट बसतो, मऊ होतो, हे खरं, पण मुळात माप बरोबर असेल तरच. अंगठा पुढे टेकत असेल तर तो पहिल्या दिवशी टेकतो आणि शेवटच्या दिवशीही टेकतो. आणि पुढे पोलादाची टोपी असेल तर तिला मऊ होणं माहीतच नसतं. "बसेल हळूहळू" हे आठ नंबरच्या त्या बुटाबाबत कधीच खरं होणार नव्हतं. जे बसलं, ते बाबांचं नख.

मागच्या महिन्यात बाबांना फिरायला जायचे बूट घ्यायचे होते. मी जमिनीवर कागद अंथरला आणि त्यांना त्यावर उभं केलं. ४० पौंडांऐवजी तांदळाची पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली, तेव्हा आई हसायला लागली. मी खाली बसून त्यांच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली. सणासुदीला पाया पडताना या पायांना हात लागतो, पण इतका वेळ, इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. टाचेच्या भेगा, घोट्याजवळ उडालेल्या ठिणगीचा जुना डाग, आणि ते नख.

वयाने पाय पसरतो. माप साडेनऊ आलं. मी तसं सांगितलं.

"तेव्हा नऊ होता," बाबा खांद्यावरची पिशवी उतरवत म्हणाले. "मी सांगितलं होतं त्याला."