जायरोप्लेनला डिझेल इंजिन बसवायचे तर

जायरोप्लेन (याला जायरोकॉप्टर किंवा ऑटोजायरो असेही म्हणतात) लांबून पाहिले तर छोटे हेलिकॉप्टर वाटते. पण डोक्यावरचा मोठा पंखा, म्हणजे रोटर, इंजिनाला जोडलेला नसतो. इंजिन मागचा छोटा प्रोपेलर फिरवते, तो यंत्राला पुढे ढकलतो, आणि पुढे जाताना खालून वर येणाऱ्या हवेने रोटर आपोआप फिरत राहतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी जानेवारी 1923 मध्ये असे पहिले यंत्र यशस्वीपणे उडवले. इंजिन बंद पडले तरी रोटर फिरतच राहतो आणि यंत्र थोड्याशा जागेत उतरवता येते. भारतात डिसेंबर 2023 मध्ये हरिद्वारला पर्यटनासाठी जायरोप्लेनची चाचणी उड्डाणे झाली, तेव्हा हा शब्द बातम्यांत दिसू लागला.

आता प्रश्न डिझेलचा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत डिझेल इंजिन कोणाला शिकवावे लागत नाही. ओढ्यातून पाणी खेचणारा पंपसेट, भाताची गिरणी, ट्रॅक्टर, किन्हवली-सरळगाव रस्त्यावरची पिकअप, सगळे डिझेलवर चालते. दुरुस्त करणारे हात गावात आहेत, सुटे भाग कल्याणला मिळतात. मग हलक्या जायरोप्लेनला असेच एखादे इंजिन का बसवू नये? ‘नको’ हे उत्तर लगेच सुचते आणि ते बहुतांशी बरोबरही आहे. पण त्याची कारणे आकड्यांत पाहिली की डिझेल नेमके कुठे चालेल तेही कळते.

किलो आणि हॉर्सपॉवर

शेतावरच्या पाच एचपीच्या एक सिलिंडर इंजिनापासून सुरुवात करू. मिनिटाला 1500 फेरे आणि वजन शंभर किलोच्या पुढे. म्हणजे एका एचपीमागे वीस किलोहून जास्त. हे इंजिन बांधावर वर्षानुवर्षे चालते ते या जाडजूड ओतकामामुळेच, आणि उडू शकत नाही तेही त्याचमुळे.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियाचे रोटॅक्स 912 यूएलएस. जगातल्या बहुतेक दोन आसनी जायरोप्लेनवर हे किंवा याच घराण्यातले पेट्रोल इंजिन असते. 1352 सीसी, 100 एचपी, नुसत्या इंजिनाचे वजन साठ किलोच्या आसपास. रेडिएटर, तेल, नळ्या धरून ऐंशीपर्यंत जाते. एका एचपीला एक किलोही पडत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये मोटारींची डिझेल इंजिने येतात. महाराष्ट्रातल्या माणसाला सर्वात ओळखीचे म्हणजे फियाटचे 1.3 मल्टिजेट. पुणे जिल्ह्यात रांजणगावला ते बनत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा किती गाड्यांत ते बसले याला गणतीच नाही, म्हणून वाहनप्रेमी त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. 1248 सीसी, 75 एचपी, वजन साधारण 130 ते 140 किलो. 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी भंगार बाजारात आणि गॅरेजांत ही इंजिने अजून भरपूर आहेत. त्याहून लहान हवे असेल तर 2015 मध्ये सेलेरिओत आलेले मारुतीचे दोन सिलिंडरचे 793 सीसी डिझेल: 47 एचपी, वजन नव्वद किलोच्या आसपास. एक आसनी जायरोप्लेनला 47 एचपी पुरतात. पूर्वी अशा यंत्रांवर रोटॅक्स 503 हे टू-स्ट्रोक इंजिन असे, तेही पन्नास एचपीच्या घरातले, पण वजनाला याच्या निम्मे.

खास विमानासाठी केलेली डिझेल इंजिने तरी हलकी असतील असे वाटते. मर्सिडीजच्या मोटारीच्या इंजिनावरून जर्मनीच्या थिलर्टने केलेले सेंच्युरियन 135 एचपीचे, वजन 134 किलो. ऑस्ट्रो इंजिन कंपनीचे एई300 हे 168 एचपीचे, वजन 186 किलो. आणि 18 सप्टेंबर 1928 रोजी अमेरिकेत जे पहिले डिझेल विमान उडाले, त्याचे पॅकार्ड इंजिन 225 एचपीचे आणि 231 किलोचे होते. जवळजवळ शंभर वर्षे झाली, एका एचपीला एक किलो हा हिशेब फारसा हललेला नाही. डिझेलमध्ये हवा सोळा-अठरा पट दाबावी लागते, तो दाब सोसायला धातू लागतोच. पॅकार्डच्या इंजिनाने 1931 मध्ये इंधन न भरता 84 तास 32 मिनिटे हवेत राहण्याचा विक्रम केला, तरी दोन वर्षांत त्याचे उत्पादन थांबले. थरथर आणि धुराचा वास यांबद्दल तक्रारी होत्या, शिवाय पेट्रोल इंजिने झपाट्याने सुधारत होती.

इंधन वाचते, पण किती?

डिझेलच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की ते कमी पिते, म्हणून टाकी हलकी होते. हिशेब करून पाहू. दोन आसनी जायरोप्लेन सरळ उडताना साधारण 60 एचपी वापरते. तेवढ्यासाठी पेट्रोल इंजिन तासाला सुमारे 17 लिटर, म्हणजे तेरा किलोच्या आसपास जाळेल. डिझेल इंजिन साडेबारा लिटर, म्हणजे साडेदहा किलोच्या आत. तासाला अडीच किलोची बचत.

मल्टिजेटला प्रोपेलरसाठी गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर आणि इंटरकूलर जोडले की वजन 170 किलोवर जाते. रोटॅक्सपेक्षा नव्वद किलो जास्त, आणि ताकद उलट कमी. नव्वद किलो भरून काढायला न उतरता 36 तास उडावे लागेल. जायरोप्लेनची टाकी तीन-चार तासांची असते.

हेच प्रवाशाच्या बाजूने मांडू. समजा यंत्राचे कमाल वजन 500 किलो आणि रोटॅक्ससह रिकामे वजन 250. उरलेल्या 250 किलोत दोन माणसे आणि भरलेली टाकी बसते. मल्टिजेट लावले की उरतात 160. दोन माणसे बसली की टाकी कोरडी ठेवावी लागेल. म्हणजे डिझेलची किंमत आहे दुसरे आसन. पैशाची बचत खरी आहे, आजच्या दरांनी तासाला सहा-सातशे रुपये. पण वर्षाला पन्नास तास उडणाऱ्याला त्यासाठी सोबती सोडणे परवडेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वजन कुठे बसते

जायरोप्लेनचे सगळे धड रोटरला लोंबकळत असते. इंजिन बहुधा खांबाच्या मागे. तिथे जास्तीचे नव्वद किलो साठ सेंटिमीटर मागे बसले, तर नाक वर उचलले जाईल. ते सावरायला नाकात, दीड मीटर पुढे, 36 किलो शिसे ठेवावे लागेल. वजन वाढवणारे वजन! बांधणारे लोक यासाठी यंत्र रोटरच्या बोल्टला टांगून नाक किती अंशांनी खाली झुकते ते मोजतात. इंजिन बदलले की ही चाचणी पुन्हा करायलाच हवी.

याहून घातक आहे प्रोपेलरची उंची. त्याचा जोर गुरुत्वमध्याच्या बराच वरून लागत असेल आणि रोटरवरचा भार क्षणभर कमी झाला, तर यंत्र पुढे कोलमडते. त्यातून ते सावरत नाही. हलक्या जायरोप्लेनच्या अनेक जीवघेण्या अपघातांमागे हेच कारण होते. मोटारीचे उंच, उभे इंजिन मागे बसवताना प्रोपेलर वर सरकण्याचा मोह होतो, तो टाळायचा.

मग गिअरबॉक्स. मल्टिजेटची पूर्ण ताकद 4000 फेऱ्यांना मिळते, प्रोपेलरला 2400 च्या आसपास हवे. त्यापेक्षा जास्त फिरवले तर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाकडे सरकतात, आवाज वाढतो आणि ताकद वाया जाते. डिझेलचा प्रत्येक स्फोट हातोड्यासारखा असतो. मोटारीत तो हादरा जड फ्लायव्हील, क्लच आणि रबरी टायर पचवतात. प्रोपेलर मात्र स्वतःच जड चक्र आहे, त्यामुळे दोघांमधले दाते हाल सोसतात. दोन सिलिंडरच्या सेलेरिओ इंजिनात हे अधिकच. थिलर्टसारख्या अनुभवी कंपनीलाही आपल्या विमानांचा गिअरबॉक्स दर 300 तासांनी तपासणीला काढायला सांगावा लागे.

मोटारीच्या संगणकाचीही एक खोड आहे. एखादा सेन्सर बिघडला की तो इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो, गाडी हळू गॅरेजपर्यंत न्यावी म्हणून. हवेत हे चालत नाही. बीएस-6 इंजिनांत धूर गाळण्याची यंत्रणा जोडल्यावर अशी कारणे आणखी वाढतात. शिवाय मोटारीचे इंजिन हमरस्त्यावर आपल्या ताकदीचा लहान हिस्सा वापरते, तर विमानाचे तासन्‌तास सत्तर टक्क्यांवर चालते.

तरीही डिझेल का आठवते

कारण पेट्रोल बदलले आहे. देशभरच्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि रोटॅक्स 912 ला कंपनीची परवानगी 10 टक्क्यांपर्यंतच आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, काही नळ्या आणि फायबरग्लासच्या टाक्यांची राळ मऊ करते. कोकणपट्टीच्या दमट हवेत यंत्र महिनाभर उभे राहिले तर काय होईल ते सांगायला नको. विमानांचे एव्हगॅस भारतात तयार होते, पण ते शहापूरच्या पंपावर मिळणार नाही. डिझेल मात्र मिळते. माझ्या मते इथे डिझेलची खरी बाजू हीच आहे, कमी पिण्याची नाही.

दुसरा फायदा टर्बोचा. मे महिन्यात मुरबाडला पारा चाळिशीला गेला की हवा प्रमाणित 15 अंशांच्या तुलनेत सुमारे आठ टक्के विरळ होते. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद तेवढीच घटते, रोटरलाही जास्त धाव लागते. टर्बो डिझेल ही तूट भरून काढते, फक्त रेडिएटर मोठा हवा. माळशेजच्या भिंतीजवळ उडणाऱ्याला ही ताकद उपयोगी आहे.

म्हणून निवड अशी होते. दोन आसनी हलक्या यंत्राला आज बाजारात योग्य डिझेल नाही. त्याला पेट्रोल इंजिनच बरे, नळ्या आणि टाकी इथेनॉल सोसणाऱ्या घेऊन आणि इंधनाचे प्रमाण तपासून. प्रयोगच करायचा तर एक आसनी, मजबूत सांगाड्याचे यंत्र आणि सेलेरिओचे 793 सीसी इंजिन हा त्यातल्या त्यात शहाणा पर्याय. स्वतंत्र वायरिंग, दोन बॅटऱ्या आणि हादरे गिळणारे कपलिंग यांच्यावरचा खर्च इंजिनाहून जास्त होईल, हे आधीच धरून चालावे.

उडण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणी आणि परवानगी लागते. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2017 मध्ये नोंदणी मिळाली. शहापूर-मुरबाडच्या वरून मुंबईची विमाने येतात-जातात, त्यामुळे इथे ही परवानगी सोपी नसेल. जमिनीवरच्या चाचणीला मात्र आकाश लागत नाही. इंजिन लोखंडी चौकटीत घट्ट बांधायचे, प्रोपेलर लावायचा, आसपास कोणी येणार नाही अशी जाळी उभारायची आणि सत्तर टक्के ताकदीवर पन्नास तास चालवायचे. दर दहा तासांनी गिअरबॉक्सचे तेल काढून त्यात धातूचा कीस दिसतो का ते पाहायचे.