नौकेवरील जलतापक

यंत्रचलित नौकेवर अंघोळीसाठी व भांडी धुण्यासाठी पाणी तापवणारी उष्णतारोधक टाकी. एंजिन थंड ठेवणारा, सुमारे ८०° से. तापमानाचा द्रव टाकीतील वेटोळ्या नळीतून फिरतो आणि एरवी वाया जाणारी उष्णता पाण्याला मिळते. द्रव पाण्यात मिसळत नाही. नौका धक्क्याला असताना किनाऱ्यावरील विजेवर तापक दांडी चालवता येते. मात्र टाकी रिकामी असल्यास दांडी जळते. तापताना पाणी प्रसरण पावून दाब वाढतो, म्हणून सुरक्षा-झडप आवश्यक असते. ती अधूनमधून हाताने उघडून तपासतात. लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून पाणी ६०° से.पर्यंत तापवतात आणि पोळू नये म्हणून मिश्रण-झडपेत त्यात गार पाणी मिसळतात. थंड देशांत हिवाळ्यापूर्वी टाकी व नळ्या रिकाम्या करतात. अन्यथा पाणी गोठून त्या फुटतात.