'चकमक' या शब्दाची चौकशी

बस्तरमधली पोलीस कारवाईची बातमी हिंदीतून मराठीत आणताना 'मुठभेड़'साठी 'चकमक' हा शब्द हाताशी तयार असतो. तो इतका रुळला आहे की अनुवादक त्यापाशी थांबत नाही. थांबून पाहिले तर दोन्ही शब्दांची घडण सारखीच निघते. मुठभेडीत दोन मुठी एकमेकींना भिडतात. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडायची गार, आणि ती एकटी काही करू शकत नाही. तिच्यावर पोलाद घासावे लागते. इंग्रजीतल्या 'एन्काउंटर'मध्येही दोन पक्ष समोरासमोर येतात. समोरच्यानेही वार केला, हे तिन्ही शब्दांनी चौकशीआधीच मान्य केलेले असते.

28 जून 2012 च्या रात्री बिजापूर जिल्ह्यातल्या सारकेगुडा परिसरात सुरक्षा दलांच्या गोळीबारात 17 आदिवासी मारले गेले. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. सरकारने ही माओवाद्यांशी झालेली चकमक असल्याचे सांगितले. बीज पंडुम या पेरणीच्या सणाच्या तयारीसाठी आम्ही जमलो होतो, असे गावकरी पहिल्या दिवसापासून सांगत होते. न्यायमूर्ती व्ही. के. अगरवाल यांच्या आयोगाचा अहवाल यायला 2019 साल उजाडले. गावकऱ्यांच्या बाजूने गोळीबार झाल्याचा पुरावा नाही, मेलेले माओवादी असल्याचे सिद्ध होत नाही आणि जवानांच्या जखमा बहुधा त्यांच्याच सहकाऱ्यांच्या गोळ्यांच्या आहेत, असे त्यात नोंदवले गेले. म्हणजे पोलाद होते, गार नव्हती. तोवर सात वर्षे 'चकमक' हा शब्द तीन भाषांत छापला जात राहिला होता.

मी राहते ती गुढियारी रायपूर स्थानकाच्या रुळांपलीकडे आहे. इथली मुख्य लाइन पश्चिमेला गोंदियाला जाते आणि तिथून एक फाटा दक्षिणेला वडशाकडे, म्हणजे देसाईगंजकडे वळतो. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1972 मध्ये ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षी 26 मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. कायद्याच्या इतिहासात हा 'मथुरा खटला' म्हणून ओळखला जातो. इथे वादाचा शब्द होता 'संमती'. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी ठरवले. भीतीने हतबल होऊन गप्प राहणे ही संमती नव्हे, असा त्याचा निर्वाळा होता. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्यामागचा तर्क होता.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. 1980 मध्ये स्त्रिया मुंबईपासून अनेक शहरांत रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला आणि अशा खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे ठरले. एका शब्दाच्या अर्थासाठी झालेले हे आंदोलन होते. ज्या मुलीमुळे ते उभे राहिले, तिच्या खटल्याचा निकाल मात्र तसाच राहिला.

मुंबईत, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, 11 जुलै 1997 च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जण मेले. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असे कारण दिले गेले. इथे 'चकमक'ची जागा 'जमाव' या शब्दाने घेतली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.

ही सवय फक्त आपल्या पोलिसांची नाही. 25 मे 2020 रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याने गुडघा दाबून धरला आणि तो मेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनाच्या मथळ्यात पोलिसांशी संपर्क आल्यावर वैद्यकीय कारणाने एकाचा मृत्यू झाल्याचे म्हटले होते. गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. रस्त्यावरच्या एका मुलीने चित्रफीत काढली नसती, तर तो मथळाच इतिहास झाला असता. सारकेगुड्याच्या अंधारात तशी चित्रफीत नव्हती. तिथे साक्षीदारांना सात वर्षे तेच ते सांगत राहावे लागले. 2021 च्या मे महिन्यात जवळच्या सिलगेर इथे पोलीस तळाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि तीन जण मेले. पोलिसांनी पुन्हा माओवाद्यांचेच नाव घेतले. त्यानंतर लोकांनी तिथे वर्षाहून अधिक काळ धरणे धरले.

अनुवादकाच्या हाती यात थोडे असते, पण काही तरी असते. मराठीत 'चकमकीत ठार झाले' हे वाक्य कर्त्याशिवाय सहज उभे राहते. 'ठार केले' म्हटले की कोणी, हा प्रश्न येतो आणि उत्तर लिहावे लागते. चौकशी व्हायची असेल, तोवर 'पोलिसांच्या गोळीबारात मेले' एवढेच लिहिता येते. गोळीबार कोणाचा, हे त्यात स्पष्ट राहते आणि दुसऱ्या बाजूबद्दल ठाऊक नसलेले काही सांगितले जात नाही. 'चकमक' लिहायचीच असेल, तर 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द आधी यावेत. सारकेगुड्याचे लोक अहवालानंतरही गुन्हा नोंदवा म्हणून मागणी करत राहिले. त्यांची बाजू मराठीत आणताना निदान या दोन शब्दांची कंजुषी करू नये.