शापोऱ्याच्या पैलतीरावरची कॅसेट

शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर बार्देशातील शिवोली आणि उत्तर तीरावर पेडण्यातील चोपडे. पूल होण्यापूर्वी या दोन गावांमधील अंतर फेरीबोटीने काही मिनिटांचे असे. इतिहासाने मात्र ते फार वाढवून ठेवले होते. बार्देश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेला, पेडणे त्यांना मिळाले ते १७८८ साली. त्यामुळे पलीकडे चर्चच्या छायेत व्हायोलिन रुजले, तर अलीकडे पेडण्या-डिचोलीच्या देवळांतून भजन, आरती व दशावतार अधिक निर्वेधपणे नांदले. ‘त्यांचे’ गाणे व ‘आमचे’ गाणे हा भेद आम्ही पाळण्यातूनच शिकलो.

इ. स. १९८४ मध्ये शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी ‘गोअन क्रेझी’ हा आपला पहिला गीतसंग्रह काढला. गृहस्थ शिक्षणाने वास्तुशिल्पज्ञ. रॉक संगीत म्हणजे विलायती कंपन्यांचा माल, अशी तेव्हाची समजूत; येथे तर शब्द, चाली, वाद्ये व ध्वनिमुद्रण हे सर्व एकाच माणसाने शिवोलीच्या घरात, चार पट्ट्यांवर आवाज टिपणाऱ्या लहानशा यंत्रावर सिद्ध केले. कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या, त्याही स्वतःच. मुंबईच्या कंपनीचा शिक्का नसताना गोमंतकीय कलावंत उभा राहू शकतो, ही गोष्ट आमच्या मते त्या गाण्यांइतकीच मोलाची. (त्याच साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन चोरट्या कॅसेटींसाठी किमान सहा महिन्यांची कैद आली. गावोगावच्या कॅसेट भरून देणाऱ्यांनी ती वाचली असावी, असे त्यांच्या धंद्यावरून वाटत नसे.)

पुढे १९८६ साली ‘पॅक दॅट स्मॅक’ आले, ते अमली पदार्थांविरुद्ध. हरमलच्या वाळूवर परक्या पाहुण्यांबरोबर आलेल्या विषाची आमच्याकडे केवळ कुजबूज होई. उघड गाणे झाले ते पैलतीरावर.

परंतु आमच्या घराशी खरी गाठ पडली ती १९८५ च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’ची. ती राजभाषेच्या वादाची वर्षे. मराठी की कोंकणी, यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. डिसेंबर १९८६ मध्ये तर रक्त सांडले. आमचे घर मराठीच्या पक्षाचे, आणि आम्ही शाळकरी. अभिषेकीबुवांच्या नाट्यगीतांशेजारी ‘गोअन क्रेझी’ कधीच येऊन बसली होती. ती इंग्रजीत असल्यामुळे तिचा पक्ष कोणी विचारला नाही. ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये मात्र जुनी कोंकणी गाणी. थोरल्या चुलतभावाने ती म्हापशाहून आणली तेव्हा काकांनी बजावले, “ही या घरात वाजणार नाही.” दोन दिवस ती कपाटावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी आजीने काकांनाच विचारले, “आमी घरांत उलयतात ती खंयची भास रे?”

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सभेला मात्र ते नेहमीप्रमाणे गेले, आणि आमच्या मते त्यात विसंगती नव्हती. ज्ञानेश्वरी मराठीत वाचणारे आणि भांडण कोंकणीत करणारे घर हे पेडण्यात अपवादात्मक नव्हेच. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने कायदा संमत केला: राजभाषा कोंकणी, आणि सरकारी कामकाजात मराठीलाही वाव. तोवर ती कॅसेट इतकी वाजली होती की फीत वरचेवर सैल पडे, आणि पेन्सिल घालून ती गुंडाळून देण्याचे काम आमच्याकडे असे.